फ्रिजर चालू, खालचं गरम, गॅस भरू का?

आर्वीकडचा शेतकरी:
राजेहो, घरी वर फ्रिजर अन् खाली फ्रिज असा फ्रॉस्ट फ्री डबल डोअर आहे, पाच-सहा वर्षं काही कटकट नव्हती. आता वरचा बर्फ एकदम टणक पण खाली दूध नासून राह्यलं अन् भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचते. मेकॅनिक आला, मागं हात लावला अन् म्हणे गॅस संपला. उघडूनही नाही पाह्यलं त्यानं. घरची म्हणते नवाच घ्या. काय करू?

कॉइलवाला भाऊ:
थांब ना बाप्पा, गॅस काही पेट्रोल नाही रोज जळायले, गळती असल्याशिवाय संपत नाही अन् संपला तं वरचा बर्फही ढिला पडते. थंडी सारी फ्रिजरच्या मागच्या पॅनलमागं कॉइलवर तयार होते अन् पंखा ती हवा खाली ढकलते. कॉइलवरचा बर्फ वितळवायले हीटर असते, तो नाहीतर त्याचा सेन्सर गेला की बर्फाची भिंतच उभी राहते, हवा खाली येईल कुठून? वितळलेलं पाणी नळीनं मागं कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये जाते, भोक बुजलं की ते तुह्या ड्रॉवरखाली. बंद करून सारं काढ, दोन्ही दारं पूर्ण एक दिवस उघडी ठेव, खाली पोतं टाक. सुरी-पेचकस लावू नको, कॉइलले भोक पडलं तं मग खरंच गॅस भरा लागंन. नंतर खालचं थंड झालं अन् काही दिवसांनी पुन्हा तेच, तं हीटर-सेन्सर चेक कर.

दिग्रसची वहिनी:
भाऊ म्हणतात ते बरोबर, पण आधी फ्रिजर पाहा. आमच्याकडे मे महिन्यात आंब्याचा रस, मटार, कैरीच्या फोडी, सारं मागपर्यंत कोंबते सासूबाई, मग हवेच्या जाळ्या बंद. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, सहज निघाला तं रबर ढिलं. अन् फ्रिज भिंतीले टेकवू नका, टिनाच्या खोलीत तं नकोच. आतल्या स्टिकरवर क्लायमेट क्लास टी असला तं ४३ डिग्रीपर्यंतचा हिशोब, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते, मग कंप्रेसर बिचारा थांबतच नाही.

डीपीजवळचा:
होल्टेजचं कोणीच नाही बोललं. मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे बल्ब पिवळा पडते. स्टॅबिलायझर टाइम डिले असलेला घ्या, लाईन आली-गेली आली-गेली झालं की कंप्रेसर लगेच सुरू झाला नाही पाह्यजे. गॅस भराचीच पाळी आली तं स्टिकर वाचा, आर६००ए असला तं तो पेटणारा गॅस हाय, घरात चूल जळत असताना कोणालेही नळी कापू देऊ नका.

आर्वीकडचा शेतकरी:
एक दिवस उघडा ठेवला, केवढं पाणी निघालं राजेहो, पोतं पिळून पिळून थकलो. आता खालचं थंड हाय. हीटर गेलाच असंन तं अमरावतीले सुटा भेटते का कंपनीतूनच मागवा लागते?