विमान मिळालं ते ॲस्परॅगसला, खलाशांचं काय?

कोविडमध्ये बॉर्डर बंद असताना जर्मनीने शेतमजूर विमानाने आणले, असं नियोजन पाहिजे, असं काही जण म्हणतात. आणले खरे, एप्रिल आणि मे २०२० ला महिन्याला ४० हजारांचा कोटा होता, पण ९ एप्रिलला रोमानियातल्या क्लुज विमानतळावर ॲस्परॅगस (ही एक भाजी) काढायला निघालेल्यांची जी झुंबड उडाली तिचे फोटो बघा एकदा, डिस्टन्सिंग वगैरे सगळं खुंटीला टांगलेलं. पीक सडायला लागलं की विमानं बरोब्बर सापडतात.

आता खलाशांचं बघा. जगातला ८० टक्क्यांहून जास्त व्यापारी माल जहाजाने जातो, तो कधी थांबला नाही, पण माल उतरला तरी माणसाला उतरू द्यायचे नाहीत! २०२० च्या शेवटी शेवटी अंदाजे ४ लाख लोक काँट्रॅक्ट संपूनही जहाजावरच अडकलेले, नियमाने सलग ११ महिन्यांच्या वर ठेवता येत नाही तरी काही जण दीड वर्षाच्या आसपास. कारण काय तर रिलीव्हर (म्हणजे बदली माणूस) आल्याशिवाय साइन ऑफ होत नाही, म्हणजे ड्युटी संपवून उतरता येत नाही (ठरावीक माणसं नसतील तर जहाज हलवताच येत नाही), आणि रिलीव्हरला व्हिसा नाही, फ्लाइट नाही, मिळाली तर मधेच बंदर नियम बदलणार. आपल्याकडचेही कितीतरी होते त्यात, भारतातून खलाशी जातातच भरपूर. यूएनच्या आमसभेने त्यांना 'की वर्कर' (अत्यावश्यक कामगार) म्हणा असा ठराव केला तो थेट १ डिसेंबरला, तोवर वर्ष संपत आलेलं.