१४ पटाची पाड्यावरची शाळा बंद होण्याची चर्चा आहे, आदेशाआधी काय करावं?

हरसूलवाट: त्र्यंबकेश्वर तालुक्यात पाड्यावर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, पट १४. मुलं सव्वादोन किलोमीटरवरच्या शाळेत पाठवणार असं कानावर आलंय, लेखी काहीच नाही. वाटेत ओहोळ आहे. एक मुलगी व्हीलचेअर वापरते. गाव मोर्चाला तयार आहे. आधी काय करू?

गोदाकाठ: मोर्चा काढा, पण हातात ठराव घेऊन. शिक्षण हक्क कायदा २००९ आणि राज्याचे २०११चे नियम यांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. अंतर मुलं चालतात त्या वाटेनं मोजा आणि फोनवर नोंद ठेवा. नकाशावरची सरळ रेघ धरली की सव्वादोनचे दीड होतात, वाद तिथंच हरतो.

ठराव आधी शाळा व्यवस्थापन समितीचा. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला आहेत का, ते तपासा. रचना चुकली तर ठरावावर बोट ठेवायला जागा मिळते. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, त्यांच्यावर वरून दबाव येऊ शकतो. म्हणून तोच ठराव ग्रामसभेतही घ्या. गाव पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात असेल तर तसा उल्लेख हवाच.

नुसतं ‘शाळा बंद करू नये’ लिहून भागत नाही. इयत्तावार पट, अंतर, ओहोळाला पाणी असणारे महिने आणि अंगणवाडीच्या नोंदवहीतली सहा वर्षांखालची मुलं लिहा. पुढच्या तीन वर्षांचा पट त्यातूनच दिसतो, आणि हा मुद्दा बहुतेक गावं विसरतात.

प्रती गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना. आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याची नोंद) घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दाद नाही मिळाली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करा. निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे.

पटनोंद: वरच्यात एक भर. संचमान्यतेला (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करतात ती) ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोही आधार पडताळलेल्या मुलांचा. जन्मतारखेत किंवा नावाच्या एका अक्षरात फरक असला तरी ते मूल मोजलं जात नाही. जुलैमध्येच यू-डायसची (शाळा आणि मुलांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) यादी मागून दुरुस्त्या करून घ्या. दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडला द्राक्षांच्या कामाला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं गळतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीनं वेळेत पाठवावा.

समावेशी: हरसूलवाट, त्या मुलीचा मुद्दा ठरावात स्वतंत्र परिच्छेदात घ्या, दयेच्या भाषेत नको. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलं की २०१६चा दिव्यांग हक्क कायदा, कलम ३१, तिला ६ ते १८ वर्षं वयात परिसरातल्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. ‘घरीच शिकवू’ हा पर्याय पालकांनी निवडायचा असतो, कार्यालयानं लादायचा नाही.

‘गाडी देऊ’ म्हणाले तर लेखी मागा: गाडी पाड्यापर्यंत येईल का, ओहोळाला पाणी असताना काय, व्हीलचेअर कशी चढवणार, मदतनीस कोण.

नव्या शाळेत रॅम्प आहे एवढ्यावर समाधान मानू नका, टेप लावा. उतार १:१२ हवा, म्हणजे ४५ सेंटिमीटर जोत्याला ५.४ मीटर लांबी. जागा वाचवायला निम्म्या लांबीत बांधतात, मग ढकलणाऱ्याशिवाय चढताच येत नाही. दारासमोर खुर्ची वळेल एवढी सपाट जागा आणि शौचालयाच्या दाराची रुंदीही मोजा. फोटो काढताना टेपवरचा आकडा दिसू द्या.