‘मिश्रण समृद्ध झाले’ की ‘दाट झाले’? आणि ‘चोक झाला’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न:
प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाच्या दुरुस्तीवर मी मराठीत टिपण लिहीत आहे. इंजिन ‘रिच’ चालते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते, तेव्हाची लक्षणे सांगताना मी ‘मिश्रण समृद्ध झाले आहे’ असे लिहिले. ते वाचून माझ्या बहिणीने विचारले, की मिश्रण समृद्ध झाले असेल, तर मग बिघडले काय? गॅरेजमध्ये मात्र ‘गाडी ओव्हर होते’, ‘कार्ब्युरेटर चोक झालाय’ असे शब्द कानावर पडतात. यांपैकी कोणता शब्द योग्य?

उत्तर:
आपल्या बहिणीची शंका अगदी रास्त आहे. मराठीत ‘समृद्ध’ हा शब्द गौरवाचा आहे. येथे अभिप्रेत आहे ते कार्ब्युरेटरमध्ये एकत्र होणाऱ्या पेट्रोल आणि हवेचे केवळ प्रमाण. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवेचा भाग त्याहून कमी झाला की मिश्रण रिच आणि जास्त झाला की लीन. पूर्ण जोर काढताना इंजिनाला थोडे रिच मिश्रण लागतेच, त्यामुळे या शब्दात मुळात दोष किंवा गुण काहीच नाही. माझ्या मते ‘दाट’ आणि ‘विरळ’ ही जोडी सर्वांत सोयीची आहे. ‘विरळ’ऐवजी ‘पातळ’ मात्र लिहू नये, कारण मिश्रण फार दाट असले की न जळालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून उतरून खालच्या ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल पातळ होते. मग ‘दाट मिश्रणामुळे ऑइल पातळ झाले’ या खऱ्या वाक्यातच वाचक अडखळेल.

‘ओव्हर होणे’ ही वेगळी गोष्ट आहे. पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट (तरंगती डबी) ज्या नीडलने, म्हणजे सुईने, पेट्रोल अडवतो तिची बैठक झिजली किंवा तीत कचरा अडकला, अथवा पितळी फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले, तर कार्ब्युरेटरमधली पातळी चढते आणि पेट्रोल वाहू लागते. त्याला गॅरेजमध्ये ओव्हर होणे म्हणतात. ओव्हर होणाऱ्या गाडीचे मिश्रण दाट असते, पण मिश्रण दाट असलेली प्रत्येक गाडी ओव्हर होत नाही. एअर फिल्टर कोंदला असेल, किंवा कोणी तार घालून मुख्य जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीचे, भोक मोठे केले असेल, तर पातळी योग्य असूनही मिश्रण दाटच राहते. तार घालून जेट साफ करण्याची सवय खरोखर सोडायला हवी. त्या भोकाच्या मापावरच सारे प्रमाण अवलंबून असते.

सर्वांत अधिक घोटाळा ‘चोक’ या शब्दाने होतो. आपण ‘गटार चोक झाले’ म्हणतो तेव्हा ते तुंबलेले असते. त्याच अर्थाने कार्ब्युरेटर चोक झाला, म्हणजे जेट तुंबला, तर पेट्रोल कमी पडून मिश्रण विरळ होते. पण चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी, झडप अर्धवट मिटलेली राहिली तर हवा अडते आणि मिश्रण दाट होते. म्हणजे एकाच वाक्यातून परस्परविरुद्ध दोन बिघाड निघतात, आणि चुकीचा अर्थ घेणारा माणूस नेमकी उलटी दुरुस्ती करतो. त्यातही काही जुन्या सोलेक्स कार्ब्युरेटरांत गळा आवळणारी झडपच नसते. डॅशबोर्डवरची कळ ओढली की पेट्रोल आणि हवेची एक स्वतंत्र वाट उघडते, तरीही त्या कळीला आपण चोकच म्हणतो. तेथे कळीची वायर पूर्ण मागे जात नसेल तर ‘चोक मागे येत नाही’ असे लिहावे, आणि तुंबलेल्या जेटसाठी ‘जेट तुंबला’.

पुरवणी:
वरील उत्तराशी सहमत आहे. लक्षणांच्या शब्दांबद्दल थोडे सांगतो. ‘प्लग काळा पडला’ एवढे पुरेसे नाही. बोटाने पुसली जाणारी कोरडी काजळी दाट मिश्रणाची, तर ओलसर, तेलकट काळेपणा ऑइल वर चढत असल्याचा. धुराचेही तसेच: दाट मिश्रणाचा धूर काळा, जळत्या ऑइलचा निळसर. थंड असताना बरी चालणारी आणि गरम झाल्यावर अडखळणारी गाडी बहुधा दाट मिश्रणाचीच असते, कारण थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल हवेच असते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. वाक्य असे बदलले आहे: ‘इंजिन गरम झाल्यावर मिश्रण दाट होत असेल, तर आधी एअर फिल्टर काढून पाहावा, चोक पूर्ण मागे येतो का हे तपासावे, आणि त्यानंतरच फ्लोट व नीडलकडे वळावे.’ पहिल्या उल्लेखात ‘दाट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत रिच’ असा खुलासा जोडला आहे. बहिणीला या वेळी काही विचारावे लागले नाही.