नटकामोदच्या दोन प्रती, दोन्हींची पट्टी वेगळी: खरी कोणती धरू?

शुक्रवारपेठकर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. नोकरी हिशेबाची, पण गेली २२ वर्षं जयपूर-अत्रौली घराण्याची ध्वनिमुद्रणं जमवतेय. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात भंगाराच्या ढिगातून काढलेल्या तबकड्या आहेत, कुणी घर बदलताना दिलेल्या कॅसेटी आहेत. संख्या मोठी नाही. पण जे आहे ते मी एकामागून एक ऐकून सोडून देत नाही. एकच चीज, म्हणजे बंदिश, दोन गळ्यांतून, पाठोपाठ, तानपुरा लावून ऐकते.

त्याचं कारण सांगते, म्हणजे माझा प्रश्न बारीकसारीक वाटणार नाही. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब आमच्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी होते. महाराज १९२२ साली गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईला गेले आणि १९४६ साली वारले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी उपलब्ध नाही. ज्या गावात ते इतकी वर्षं गायले त्या गावातल्या माझ्यासारखीला त्यांचा आवाज ऐकायचा काही मार्गच नाही. एकच वाट उरते. केसरबाई केरकर थेट त्यांच्याकडे शिकल्या. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्या मुलांकडे, आधी मंजीखाँ आणि मग भुर्जीखाँ यांच्याकडे शिकले. या दोन वाटांनी आलेली एकच चीज शेजारी शेजारी ठेवायची आणि दोघांत जे सारखं उरतं ते वरून आलं असणार, असं धरायचं.

सध्या नटकामोद राग घेतलाय, त्यातली ‘नेवर बाजो’ ही चीज. नट आणि कामोद हे दोन राग यात एकत्र येतात. नटाचं सारे, रेग, गम असं पायरी पायरीनं चढणं आणि कामोदाचं रे वरून एकदम प ला जाणं, हे दोन्ही कुठे जोडलेत तेच मला ऐकायचंय. तो सांधा म्हणजे या रागाचा जीव आहे.

आणि तिथंच अडलंय. केसरबाईंची ही चीज माझ्याकडे दोन रूपांत आहे. एक मूळ, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी. दुसरी कॅसेट, माझ्या गाण्याच्या बाईंनी फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तबकडीवरून उतरवून घेतलेली. दोन्हींत गाणं तेच, जागा त्याच. पण कॅसेट वर बोलते. मोबाइलवरच्या ट्यूनरवर फरक ४५ सेंट दाखवतो, म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांतलं जवळजवळ अर्धं अंतर. कॅसेटमध्ये केसरबाईंचा आवाज पातळ वाटतो, तबकडीत भरदार. मला भरदार आवडतो, पण मला आवडतो म्हणून तो खरा असं कसं म्हणू?

आणखी एक. ती तबकडी २०१९ च्या पुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीत मावशीच्या घरी होती. तळमजला, कपाटाचा खालचा कप्पा. पाणी ओसरल्यावर काढली तेव्हा मधला कागद धुऊन गेला होता. खाचांत अजून चिखलाचा पातळ थर आहे. या रविवारी कापसाला स्पिरिट लावून पुसणार आहे, मग पुन्हा वाजवून बघते. तोवर जाणकारांनी सांगावं, दोन्हींतली खरी पट्टी कुठली?

लाखेची तबकडी

ताई, थांबा! स्पिरिट अजिबात लावू नका. ७८ ची तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करायला लाखेची चपडी स्पिरिटमध्येच भिजवतात, तेच तुमच्या खाचांचं होईल. माझ्या घरी एकदा झालंय. दोन मिनिटांत काळा चिकट डाग, आणि त्या जागी आवाज कायमचा गेला. मोठ्या प्लास्टिकच्या रेकॉर्डला चालतं, याला नाही.

डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीत घालायचं दुकानात मिळतं ते. त्यात भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब. मऊ केसांचा ब्रश खाचांच्या दिशेनंच गोल फिरवा, आडवा नाही. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवून लगेच टिपा. भिजत ठेवायची नाही आणि उन्हात वाळवायची नाही, वाकडी होते.

मिरजेचा श्रोता

वरचा सल्ला शंभर टक्के बरोबर. आता पट्टीचं.

ताई, तबकडी जोरात फिरली की सूर चढतो, म्हणून आधी तुमचं तबकडी वाजवायचं यंत्र तपासा. ‘७८’ वर काटा ठेवला म्हणजे ते ७८ नं फिरतंच असं नाही. कागदावर एक चकती काढा, कडेला सारख्या अंतरावर ७७ काळ्या रेघा. ती तबकडीवर ठेवून फिरवा आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटच्या उजेडात बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, मिनिटाला ६०००. ६००० भागिले ७७ म्हणजे ७७.९२. रेघा जागच्या जागी उभ्या दिसल्या तर यंत्र बरोबर. फिरण्याच्या दिशेनं सरकताना दिसल्या तर जोरात चाललंय. एलईडीच्या दिव्यात हे करू नका, बरेचसे लुकलुकतच नाहीत. आणि नेटवरून ९२ रेघांची चकती छापू नका, ती ६० हर्ट्झच्या देशांची.

सुईही बघा. मोठ्या रेकॉर्डची सुई बारीक असते, ७८ च्या खाचेला साधारण ७५ मायक्रॉनची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला घासत जाते आणि सगळी खरखर गोळा करते.

आता कॅसेट. कॅसेटमध्ये दोन चुका एकीवर एक बसलेल्या असू शकतात. ज्या यंत्रावर तबकडी वाजवली त्याची, आणि ज्या टेपवर उतरवली त्याची. टेपची चूक पकडता येते. उतरवताना विजेची गुणगुण त्यात आलेली असते. ऑडॅसिटी या संगणकावरच्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये शांत जागा निवडून कंपनसंख्यांचा आलेख काढा. ती गुणगुण ५० हर्ट्झवर हवी. जितकी वर, तितकी टेप पळतेय. ५० वर वेगळं टोक दिसलं तर ते तुमच्या आत्ताच्या जोडणीचं, त्याला धरू नका. दुसरी चूक, म्हणजे तबकडी वाजवणाऱ्या यंत्राची, गुणगुणीतून कळणार नाही.

मूळ मुद्रणाच्याच वेगाबद्दल: अगदी सुरुवातीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या मुद्रणांत वेग बराच इकडे तिकडे असे. पुढे मायक्रोफोन आला, त्या काळातल्या तबकड्या बहुतेक ७८ च्या आसपास असतात. तुमची त्यातली दिसते. तेव्हा तबकडीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. साथीला पेटी असती तर तिच्या सुरांवरून आणखी एक ताळा घेता आला असता. सारंगीवर तो घेता येत नाही, ती गायकाच्या सुराला लावलेली.

समेवरचा

तांत्रिक भाग झाला. तुमच्या मूळ विचाराबद्दल थोडं बोलतो, राग मानू नका.

दोघांत जे सारखं ते खाँसाहेबांचं, हे मला अर्धवट पटतं. सारखं काय, हे ठरवण्याआधी वेगळं का, ते बघायला हवं. केसरबाई लहानपणी तुमच्याच कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकल्या, नंतर रामकृष्णबुवा वझ्यांकडे. मन्सूर आधी मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले. दोघांच्या गळ्यावर आधीचे संस्कार होतेच.

दुसरं, ७८ ची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. एवढ्यात अस्ताई, अंतरा, ताना सगळं बसवायचं. मन्सूरांची नंतरची मुद्रणं लांब, मोकळी. तिथं ते एका स्वराशी दोन आवर्तनं थांबू शकतात. बाईंना ती सोय नव्हती. म्हणून तानांची तुलना करू नका. मुखडा, म्हणजे समेवर आणणारी बंदिशीची सुरुवात, धरा. बंदिशीचे शब्द कुठल्या मात्रेला टाकलेत आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसे येतात, एवढंच बघा. तालमीत सगळ्यात आधी तेच पक्कं करून घेतात आणि बदलायला सगळ्यात अवघड तेच असतं. खाँसाहेब सापडले तर तिथं सापडतील.

शुक्रवारपेठकर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पिरिटची बाटली तशीच झाकून ठेवली. वेळेवर सांगितलंत, नाहीतर आज मी रडत बसले असते.

काल सगळं केलं. आमच्याकडे चोकवाली ट्यूब फक्त स्वयंपाकघरात उरलीय, म्हणून यंत्र ओट्यावर आणलं. मुलानं ७७ रेघांची चकती छापून दिली. पहिल्यांदा रेघा पुढे पुढे सरकत होत्या. वेगाची खुंटी केसभर मागे घेतली, आणि रेघा उभ्या राहिल्या, जणू चकती फिरतच नाही. मी दोन मिनिटं नुसती बघत उभी होते. म्हणजे माझं यंत्रही थोडं पळत होतं! नव्यानं मोजलं तर कॅसेट आणि तबकडीतला फरक ४५ वरून ५२ सेंटवर गेला.

मग कॅसेट. गुणगुण ५०.८ वर निघाली. म्हणजे टेप १.६ टक्के जोरात, त्याचे २७-२८ सेंट. उरलेले २४-२५ माझ्या गाण्याच्या बाईंनी ज्यांच्याकडे तबकडी उतरवली त्यांच्या यंत्राचे असणार. इतकी वर्षं मी केसरबाईंचा म्हणून जो पातळ आवाज ऐकत आले तो दोन यंत्रांनी मिळून केलेला होता.

तबकडी धुतली. पाणी चहासारखं निघालं. खाली दोन चिमटी गाळ बसला, पंचगंगेचा.

मग तानपुरा तबकडीच्या सुराला लावला. मन्सूरांचं मुद्रण संगणकावर त्याच सुराला आणून ठेवलं आणि समेवरचा यांनी सांगितलं तसं फक्त मुखडा, एकदा हा, एकदा तो, असं रात्री साडेबारापर्यंत. ताना आल्या की थांबवायचं. तुमचं म्हणणं मला पटलं. ‘बाजो’ वरची ओढ दोघांची वेगळी आहे, केसरबाई थेट येतात, मन्सूर थोडं रेंगाळतात. पण ‘नेवर’ उचलण्याची जागा माझ्या कानाला दोघांची एकच लागली. सहाव्या-सातव्या वेळी मी हातानं मात्रा मोजणं सोडून दिलं, आणि तरी दोन्ही वेळा हात बरोबर तिथंच पडला. रे-प च्या सांध्याबद्दल मात्र अजून काही म्हणत नाही, अजून ऐकायचंय.

आता एक मदत हवी. कागद गेल्यामुळे तबकडीचा क्रमांक माझ्याकडे नाही. खाचा संपतात तिथल्या गुळगुळीत जागेत कोरलेले आकडे बॅटरीचा उजेड तिरका पाडून वाचले. पहिले चार स्पष्ट आहेत, पुढचा एक झिजलाय, ३ आहे की ८ ते कळत नाही. त्या आकड्यावरून मुद्रणाचा काळ लागेल. कुणाकडे हीच तबकडी चांगल्या कागदासह असेल तर मधल्या भागाचा फोटो टाकाल का? दोन्ही बाजूंचा हवा.