पायाची दुखणी : तुम्हाला केव्हा कळलं, काय केलंत? (अनुभव धागा)

गेल्या मे महिन्यात वडील बाजारातून घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी रिक्षातून उतरताना निसटली होती. तिथून घरापर्यंतचा डांबरी रस्ता ते तसेच चालत आले. आईने दारातच विचारलं, "अहो, दुसरी चप्पल कुठाय?" तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खाली पाहिलं. जळगावचा मे, दुपारचे दोन. त्या रस्त्यावर आपण चार पावलंही उघड्या पायाने टाकू शकत नाही.

रात्री अंगठ्याखाली रुपयाएवढा फोड आला. मी दवाखान्याचं काढलं, तर म्हणाले, "दुखस नही ना, मंग काय व्हस?" हळद लावली. फोड फुटला, त्यावर खपली धरली, आणि आम्हाला वाटलं बरं झालं. अकराव्या दिवशी खाटेजवळ वास यायला लागला. खपलीखाली पू हाडापर्यंत गेला होता. अंगठा काढावा लागला. पाय वाचला.

त्यांना बारा वर्षांपासून साखर आहे. चप्पल निसटली त्याआधी वर्षभर ते सांगत होते की कापसावर चालल्यासारखं वाटतं. आमचं घरच कापसाचं, त्यामुळे त्या बोलण्याकडे कुणी लक्षच दिलं नाही. मधुमेहात पायाच्या नसा मरायला लागल्या की माणूस हेच शब्द वापरतो, हे मला अंगठा गेल्यावर समजलं.

म्हणून हा धागा. चिखल्या, भेगा, कुरूप, टाचदुखी, रुतलेलं नख, न भरणारी जखम, काहीही लिहा. आधी काय समजलात, निघालं काय, आणि कशाने बरं वाटलं, एवढं आलं तरी पुष्कळ. औषधाचं नाव लिहिलंत तर ते कुणी दिलं तेही लिहा.

यावल तालुका, केळी उत्पादक

ताई, आमच्या भागात पाऊस नसला तरी पाय ओलेच. रात्रीची लाईट असली की रात्रभर बागेत पाणी भरायचं, गमबूट घातले तर आत घाम. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन लोंबायची, खाली लालभडक. खाज अशी सुटायची की बांधावर बसून दगडाने घासायचो.

मेडिकलवर "चिखल्याची ट्यूब द्या" म्हटलं. दोन दिवसांत खाज बंद. पुन्हा आली, पुन्हा ट्यूब. चार महिन्यांत तीच खाज जांघेत आणि कमरेवर गोल चट्टे होऊन पसरली. त्वचारोगवाल्या डॉक्टरांनी ट्यूब हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. त्यात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉईड होतं. स्टेरॉईडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र पोसते. त्यांनी नुसतं बुरशीचं मलम दिलं, चट्टे अंगभर होते म्हणून गोळ्याही दिल्या. चट्टे गेल्यावरही मलम आणखी दोन आठवडे लावायला सांगितलं. याच ठिकाणी मी आधी दरवेळी चुकत होतो, बरं वाटलं की ट्यूब फेकून द्यायचो.

आता बागेतून आलो की पाय धुतो आणि प्रत्येक बेचकं जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने कोरडं करतो. गमबुटाच्या दोन जोड्या केल्या, एक उन्हात उलटी टांगलेली असते. माझ्या चुलत्यांच्या अशाच चिखल्यांतून जंतू शिरले, पोटरी सुजून लाल झाली, हुडहुडी भरून ताप आला आणि पाच दिवस सलाईनवर काढावे लागले. चिखल्या ही किरकोळ गोष्ट नाही.

धुळे, प्राथमिक शिक्षिका

माझं टाचेचं. सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. दहा पावलांनंतर कमी, शाळेत तास-दीड तास बसून उठलं की परत तेच. एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं आणि सगळ्या घरादाराने "हाड वाढलं, आता ऑपरेशन" म्हणून धसका घेतला. अस्थिरोगतज्ज्ञांनी नीट समजावलं: असं वाढलेलं हाड काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्सरेत सापडतं. दुखतो तो टाचेपासून बोटांकडे जाणारा तळपायाचा जाड पडदा.

त्यांनी सांगितलेले दोन व्यायाम लिहिते. उठण्याआधी अंथरुणातच पाय लांब करून टॉवेल चवड्याला अडकवायचा आणि आपल्याकडे ओढून तीस आकडे मोजायचे, तीनदा. संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळपायाखाली दहा मिनिटं फिरवायची. फरशीवर अनवाणी फिरणं बंद, घरातही मऊ चप्पल. फरक पडायला तीन महिने लागले, पूर्ण जायला आठ. पहिल्या महिन्यात काहीच होत नाही म्हणून सोडू नका, बहुतेकांचं वर्षाच्या आत जातं असं त्यांनी सांगितलं होतं आणि माझं गेलं.

शिरपूर, पोलीस भरतीची तयारी करणारा

१६०० मीटरसाठी रोज सकाळी डांबरी रस्त्यावर पळायचो. मैदानी चाचणीची तारीख लागली म्हणून एका आठवड्यात पळणं दुप्पट केलं. पायाच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटाच्या मागे, बोट ठेवलं की नेमकं एका जागी दुखायचं. एक्सरे चांगला आला म्हणून पेनकिलर खाऊन पळत राहिलो. तीन आठवड्यांनी लंगडायला लागलो, पुन्हा एक्सरे काढला, तेव्हा हाडाला बारीक चीर दिसली. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही. दीड महिना पळणं बंद, भरती हुकली. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दुखत असेल तर मित्रांनो थांबा.

अमळनेर, चप्पल-बुटाचं काम करणारा, तीन पिढ्या

माणूस दुकानात आला की मी आधी त्याची जुनी चप्पल उलटी करून बघतो. टाच बाहेरून झिजणं हे बहुतेकांचं असतंच. पण एकाच पायाचा चवडा खोल झिजला असेल, अंगठ्याखाली खड्डा पडला असेल, तर तिथे पायाला घट्टा असणार. पायातलं वजन जिथे पडतं तिथेच कातडी जाड होते, आणि तिचं टोक आत वळलं की कुरूप, आमच्याकडे भोवरी म्हणतात.

गिऱ्हाईक ब्लेडने भोवरी कापून येतं. महिन्यात ती परत उगवते, कारण चप्पल तीच. माझं सांगणं एवढंच: कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्यावर तुमचा बूट ठेवा. रेघ बुटाच्या बाहेर दिसली तर तो बूट तुमचा नाही. लग्नसराईतल्या टोकदार बुटांत दहातले आठ असेच निघतात. खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय थोडा फुगतो.

एक ओळखायची खूण डॉक्टरांकडून शिकलो. वरून दाबलं की जास्त दुखतं ती भोवरी. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की दुखतं आणि मध्ये काळे ठिपके दिसतात ती चामखीळ, तिचा इलाज वेगळा. आणि भोवरीवर चिकटवायची औषधी पट्टी मिळते, तिच्यात कातडी जाळणारं अ‍ॅसिड असतं. साखरवाल्याने ती लावू नये. मी स्वतः तिच्यामुळे पडलेला खड्डा पाहिला आहे.

चप्पल निसटल्याचं न कळणारी माणसं माझ्याकडे फार येतात. म्हणतात, "मागे पट्टा लावून द्या, चप्पल पायात राहत नाही." पट्टा लावून देतो आणि साखर तपासलीत का हेही विचारतो. अशांसाठी मऊ एमसीआर रबराच्या तळाची, मागे पट्ट्याची, आत खिळा नसलेली चप्पल करावी लागते. ताई, वडिलांचं माप पाठवा.

पारोळा, दरवर्षी चैत्रात वणीला पायी जाणारा

मालेगाव येईपर्यंत निम्म्या लोकांच्या पायाला फोड आलेले असतात. नवे बूट घालून निघणारे पहिले बसतात. फोड लहान असेल तर फोडायचा नाही, वरची कातडी हीच त्याची पट्टी. ताणून दुखत असेल तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढायचं आणि कातडी जागेवरच ठेवायची. पातळ मोज्यावर जाड मोजा घातला की घासणं दोन मोज्यांत होतं, कातडीला होत नाही. साखर असलेल्यांनी मात्र फोडाला स्वतः सुई लावूच नये, आमच्या दिंडीत त्यांना गाडीत बसवतो. नवस अनवाणी चालण्याचा असला तरी बसवतो. यावरून वाद होतात, होऊ द्या.

एरंडोल, गृहिणी

भेगांसाठी आमसुलाचं तेल, आजीपासून चालत आलेलं. पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं, वज्रीने हलक्या हाताने, पुसून लगेच तेल आणि रात्रभर मोजे. रक्त येईपर्यंत घासू नका. मला यानेच गुण आला. सासूबाईंना अजिबात आला नाही, त्यांना साखर निघाली. नसा गेल्या की पायाला घाम येणंच थांबतं, म्हणून कातडी सुकून फाटते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना युरियाचं क्रीम दिलं आणि पाय भिजवणं पूर्ण बंद केलं.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

रात्री दोन वाजता अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागला की चादरीचा स्पर्श सहन होईना. मुका मार असेल म्हणून शेकलं, वाढलं. युरिक अ‍ॅसिड तपासलं तर नॉर्मल. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर वाढलेलं. हा गाऊट, युरिक अ‍ॅसिडमुळे सांध्यात उठणारा. ठणका चालू असताना ते नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एका रिपोर्टवर विश्वासू नका. आता रोजची गोळी चालू आहे, दीड वर्षात पुन्हा उठलं नाही.

नंदुरबार जिल्हा, आशा कार्यकर्ती

माझ्या पाड्यात एका दादांच्या तळपायाला एकाच जागी जखम भरायची आणि पुन्हा उघडायची. ते म्हणायचे काटा लागला. मी पोटरीवर फिकट चट्टा पाहिला, डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकाने शिवलं. आजूबाजूला कळत होतं, चट्ट्यावर नाही. कुष्ठरोग निघाला. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, चट्टे किती आहेत त्यावर सहा महिने किंवा वर्षभर. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत तो माणूस इतरांना लागण देत नाही, हे मी घरोघर सांगते. त्यांच्या घरच्यांनी ताट वेगळं केलं होतं, ते पुन्हा एकत्र करायला मला आठ फेऱ्या माराव्या लागल्या. गोळीने जंतू मरतो, मेलेली नस सहसा परत येत नाही, म्हणून पायाची काळजी जन्मभर.

साक्री तालुका, मेंढपाळ कुटुंबातला

आमच्या मामाला बाभळीचा काटा मोडून आत राहिला. दोन वर्षांत पाऊल सुजलं, दुखायचं नाही, मग बारीक छिद्रांतून पू आणि त्यात काळे कण. धुळ्याला डॉक्टरांनी कण बघूनच मदुरा फूट म्हटलं, मदुराईवरून पडलेलं नाव. माती-काट्यातून बुरशी आत जाते. वर्षभर गोळ्या आणि एक ऑपरेशन. काटा मोडला तर काढून घ्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

चाळीसगाव, सर्जन

वरचं सगळं वाचलं. माझ्याकडे येणाऱ्या पायांपैकी सर्वांत वाईट पाय शांत असतात. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा आले, जमिनीवर झोपणारे. रात्री उंदराने करंगळी कुरतडली आणि त्यांना सकाळी अंथरुणावरचं रक्त पाहून कळलं. साखरेच्या रुग्णाने खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावं हे मी औषधाच्या कागदावर लिहितो.

दवाखान्यात मी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला लावून स्पर्श कळतो का ते बघतो आणि पावलावरची नाडी चाचपतो. दोन मिनिटं लागतात. साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा हे मागून करून घ्यावं. घरी रोज रात्री तळपायाखाली आरसा धरा, दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा. बूट घालण्याआधी हात घालून खडा चाचपा. शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको. नख सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका, नाहीतर ते मांसात रुततं. जखम काळी पडली, वास आला, लाली वर चढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी या.

पाचोरा

आईच्या टाचेला जखम आहे, तीन आठवडे झाले. साखर आहे. दुखत नाही म्हणते, म्हणून कपाशीची वेचणी उरकली की नेऊ असं ठरलंय. चालेल का?

धागा सुरू करणारी

दादा, नाही चालणार. आम्ही अकरा दिवस थांबलो होतो. उद्या सकाळी न्या, साखरेच्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या, आणि नेताना त्यांना चालवू नका.

पाचोरा

ताई, आज नेलं. एक्सरेत हाड चांगलं आहे. मेलेली कातडी काढली, आतून जखम वरून दिसत होती त्याच्या तिप्पट होती. टाचेवर भार नको म्हणून काठी दिलीय आणि एक दिवसाआड ड्रेसिंग. वेचणीला भाऊजी आणि मजूर आहेत. सोमवारी पुन्हा दाखवायचंय.