मदत हवी आहे : ठरावीक मजकुरांपासून दस्तांचे कायमस्वरूपी नमुने कसे बांधावेत?

कोल्हापुरात शाहूपुरी भागातील एका वकिलांच्या कार्यालयात मी दस्तलेखनाचे काम करते. लिव्ह अँड लायसन्सचे करार, खरेदीखते, मुखत्यारपत्रे आणि नोटिसा हे आमचे रोजचे काम असून आजवर आम्ही जुनीच फाइल उघडून नावे बदलत आलो आहोत. या पद्धतीचा धोका गेल्या महिन्यात कळला. राजारामपुरीतील सदनिकेच्या करारात आधीच्या पक्षकाराची चतुःसीमा (मिळकतीच्या चारही बाजूंचे वर्णन) तशीच राहिली आणि ती सहीच्या वेळी, तीही पक्षकाराच्याच लक्षात आली. चूक माझीच होती.

म्हणून अनामत रक्कम, मुदत, देखभाल खर्च, ताबा अशी कलमे मी वर्डच्या क्विक पार्ट्समध्ये (वारंवार लागणारा मजकूर साठवून हवा तेव्हा घालण्याची सोय) स्वतंत्रपणे साठवली आणि नाव, पत्ता व गट क्रमांक यांसाठी कंटेंट कंट्रोल (माहिती भरण्याच्या चौकटी) ठेवले. यातून दोन अडचणी उभ्या राहिल्या आहेत. एकाच पक्षकाराचे नाव दस्तात दहा ठिकाणी येते. ते एकदाच लिहून सर्वत्र आपोआप उमटावे, यासाठी कंटेंट कंट्रोल एकमेकांशी कसे जोडावेत? दुसरे असे की, साठवलेले कलम सुधारले तरी आधी तयार केलेल्या नमुन्यांत जुनाच मजकूर राहतो, कारण घातलेला भाग मूळ मजकुराशी जोडलेला नसतो. त्याऐवजी सर्व कलमे वेगळ्या फाइलीत ठेवून इन्क्लूडटेक्स्ट फील्डने (दुसऱ्या फाइलीतील मजकूर जोडून आणणाऱ्या वर्डच्या सोयीने) आणणे तीन संगणकांच्या कार्यालयात टिकाऊ ठरेल का?

नावाबरोबर ‘राहणारा’ की ‘राहणारी’ हा लिंगभेद मात्र तूर्त हातानेच सांभाळते. प्रत्यक्ष असे काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.