समुद्राला आणि नदीला एकच माप लावावे का?

खराडीकर (मूळ मुद्दा):
मुंबईत मैलापाणी शुद्धीकरणाचे सात नवे प्रकल्प उभे राहत असून त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर असेल. वरळी आणि वांद्रे येथे किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून अधिक आत पाणी नेणारे बोगदे असताना तेथे नदीकाठच्या शहराइतके कडक शुद्धीकरण करणे मला विजेची उधळपट्टी वाटते. सर्वसाधारण मानकांनीही हा फरक मानला होता: नदीत सोडायच्या पाण्याची बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू; जितकी जास्त तितके पाणी घाण) लिटरमागे ३० मिलिग्रॅम, समुद्रात सोडायच्या पाण्याची १००. आपल्या पुण्याच्या मुठेला उन्हाळ्यात स्वतःचा प्रवाह जवळपास उरतच नाही. पैसा आधी अशा नद्यांवर खर्च व्हावा.

मुंढवेकर:
आपण नियम अर्धाच सांगितलात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत समुद्रासाठी सवलत आहे, पण पाणी सोडण्याच्या जागी किमान १५० पट आणि तेथून १०० मीटरवर १,५०० पट विरलता मिळत असेल, म्हणजे सोडलेले पाणी समुद्राच्या पाण्यात तितके पातळ होत असेल, तरच. घाटकोपर-भांडुपचे पाणी ठाण्याच्या खाडीत जाते, मालाडचेही खाडीतच, आणि ओहोटीबरोबर बाहेर गेलेले पाणी भरतीबरोबर तिवरांत परत येते. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. शिवाय ‘पुढे समुद्रात जाते’ हे मुंबईचे म्हणणे आपल्या पुणेकरांच्या ‘पुढे वाहून जाते’ याहून वेगळे नाही. पुण्याचे पाणी भीमेतून उजनी धरणात साठते आणि सोलापूरकर उजनीचे पाणी पितात.

खराडीकर:
खाडीपुरते मान्य. वरळी-वांद्र्याबद्दल मात्र मत कायम आहे, कारण खारे पाणी, ऊन आणि प्रवाह तेथे बरेच काम फुकट करतात.

सहकारनगरवासी:
दोघेही प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर भांडत आहात. जे प्रकल्पात पोहोचतच नाही, त्याचे काय? डिसेंबरच्या सकाळी, महिनाभर पाऊस नसताना, आंबिल ओढ्याच्या पुलावर उभे राहून पाहावे: राखी पाणी वाहत असते आणि दगडाच्या आडोशाला साबणाचा फेस साचलेला असतो. मुंबईत मिठी हेच माहीमच्या खाडीत नेऊन ओतते. जायका या जपानी सरकारी संस्थेच्या कर्जातून पुण्यात ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचे ११ प्रकल्प ठरले, ते गरजेचेच आहेत. परंतु ओढ्यांत मिसळणारे मैलापाणी अडवून मलवाहिन्यांत वळवले नाही, तर त्यातले काही प्रकल्प अर्धपोटीच चालतील. (मलवाहिन्यांच्या कामाला उद्घाटनाची फीत नसते, हेही खरे.)

मुंढवेकर:
वाहिन्यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्याने मानक सैल करण्याचे कारण मिळत नाही. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) प्रक्रिया केलेले पाणी कालव्यावाटे शेतीला दिले जाते. ते जसे शुद्ध होईल, तसेच शेतात पोहोचते. मुंबई भातसा-वैतरणेचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून आणते आणि एकदा वापरून समुद्रात सोडते. तेच पाणी उद्योगांना किंवा बागांना पुन्हा द्यायचे झाले, तर खराडीकरांच्या १०० बीओडीचे पाणी कोण घेईल?